उडू न देणारे आतोबा

आतोबांच्या कारकिर्दीत सोलापूरच्या आकाशातून एकही विमान खाली पडलं नाही, आणि याचं सगळं श्रेय आपल्याला आहे असं आतोबांचं ठाम मत होतं. मुळात सोलापूरच्या आकाशात विमान येतंच कधी, हा प्रश्न त्यांना विचारायची आमच्या घराण्यात कोणाची छाती झाली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सत्तरच्या दशकात ते सोलापूरच्या विमानतळाचे अधिकारी होते. विमानतळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येईल, ती आधी पुसून टाका. गावाबाहेरच्या माळावर एक लांबच लांब डांबरी पट्टी, कडेला दोन खोल्यांची कचेरी, एक उंच खांब, वाळूच्या लाल बादल्या, गफूरभाई नावाचे चौकीदार आणि थोडं अलीकडे आत्याचं सरकारी घर, एवढ्याला विमानतळ म्हणत. विमान यायचं ते कधी एखादे मंत्री आले तर, नाहीतर कोणी कारखानदार वाट वाकडी करून आला तर. मधले महिनेच्या महिने त्या पट्टीवर उन्हाच्या झळा आणि जवळच्या वस्तीवरची शेरडं यांचीच वर्दळ. पण आतोबा रोज सकाळी इस्त्रीची पांढरी पँट चढवून ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तपासायचे. खडा दिसला की उचलून खिशात. आत्या कपडे भिजवायच्या आधी त्यांचे खिसे उलटे करायची आणि त्या खड्यांचा तिने तुळशीभोवती चांगला कट्टा घालून घेतला होता.

मी माढ्याची. सात रस्त्याजवळच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, "बहीण आहे की माझी तिथं, खोली कशाला बघायची." आत्याची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दिल्लीला गेली होती. ते स्थळ आतोबांनी पत्रिका न बघता पसंत केलं होतं, कारण मुलगा वरिष्ठांच्या गावचा. त्या मुलीच्या रिकाम्या खोलीत माझी ट्रंक ठेवली गेली आणि पहिल्याच रात्री जेवताना आतोबांनी मला विमान वाहतुकीची व्यवस्था समजावून सांगितली. त्यांनी पाण्याचा तांब्या ताटापुढे मधोमध ठेवला. "मास्तरीणबाई, ही जगाची संस्था. कॅनडात असते. सगळ्या देशांनी मिळून नेमलेली. ही नियम ठरवते, पण अंमल करायला स्वतः येत नाही." मग आमटीची वाटी तांब्याजवळ सरकवली. "हे आपलं दिल्लीचं खातं. त्या नियमांचा कायदा हे करतं. वैमानिकाला परवाना हेच देतं, विमान उडायच्या लायकीचं आहे का हेही हेच ठरवतं." शेंगाच्या चटणीचा ढीग म्हणजे वेधशाळा, कांदा म्हणजे पोलीस, लिंबाची फोड म्हणजे अग्निशामक दल. कडक भाकरी म्हणजे अर्थात आमची धावपट्टी. "आणि तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी ताटातलं चिमूटभर मीठ बोटाने दाखवलं. "हा मी. दिसत नाही, पण नसलो तर कळतं." तेवढ्यात आत्याला ठसका लागला. ती म्हणाली, "जगाची संस्था जरा हिकडं द्या," आणि तांब्या उचलून घटाघट पाणी प्याली. आतोबा जरासुद्धा रागावले नाहीत. तांब्या परत येईपर्यंत ते बोलायचे थांबले, कारण वरचं कार्यालय जागेवर नसताना खालच्याने निर्णय घ्यायचे नसतात.

घरातून बाहेर पडणं हा त्यांच्या दृष्टीने एक प्रवास होता आणि प्रवासाआधी तपासणी झालीच पाहिजे. कचेरी अंगणातून दिसत होती, पण तिथे जायला ते सायकल काढायचे. सायकलीभोवती एक फेरी, चाकं दाबून बघणं, घंटी, ब्रेक, साखळी. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून ते एकेक वस्तूचं नाव घ्यायचे आणि आत्या आतून उत्तर द्यायची. "किल्ल्या?" "हाय." "चष्मा?" "हाय." "डबा?" "हाय." "रुमाल?" "न्हाय." की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. एकदा आत्याच्या हातात पिठाचा गोळा होता, मीच ओट्यावरून "आहे" म्हणून ओरडले. आतोबा आत आले, चप्पल काढून, आणि शांतपणे म्हणाले, "बघणारा एक आणि सांगणारा दुसरा असं चालत नाही. ज्याने हाताने चाचपलंय त्यानेच सांगायचं." आत्याने पीठ धुतलं, रुमाल चाचपला आणि "हाय" म्हणाली. हे सगळं ती वैतागून करायची असं मला आधी वाटायचं. पुढे लक्षात आलं की ज्या दिवशी आतोबांना सुट्टी असायची, त्या दिवशी ठरलेल्या वेळी ती उगीचच दारापाशी घुटमळायची.

वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर एक कापडी पिशवी लावलेली असते, झबल्याच्या बाहीसारखी. ती एका वावटळीत फाटली. नवीन पिशवी दिल्लीहून यायची होती आणि दिल्ली लांब आहे. भवानी पेठेतले आतोबांचे एक विणकर स्नेही म्हणाले, कशाला काळजी करता, आणि त्यांनी अस्सल सोलापुरी चादरीची भलीमोठी पिशवी शिवून दिली. मोरांची नक्षी, दोन्ही बाजूंनी वापरता येण्यासारखी. खांबावर ती काय दिसत होती म्हणून सांगू. पण माळावर माणसाची टोपी उडायची वेळ आली तरी चादर आपली सुस्त लोंबकळत राहायची. आतोबांनी दोन दिवस तिच्याकडे बघितलं आणि उतरवली. म्हणाले, "ही हलली म्हणजे समजायचं गावात घरांवर पत्रे राहिले नाहीत. तेव्हा वैमानिकाला सांगून काय उपयोग?" शेवटी आत्याने तांबड्या-पांढऱ्या मलमलीची पिशवी शिवली. मग उरलेल्या कापडाची एक लहान पिशवी अंगणातही लागली आणि त्या दिवसापासून आमच्या घरी पापड, सांडगे आणि वाळवणं वाऱ्याची दिशा बघून घातली जाऊ लागली. चादरीची पिशवी माझ्या पलंगावर आली. थंडीत तिच्यात पाय घालून झोपायला फार छान वाटायचं.

या सगळ्याला आम्ही नातेवाईक हसायचो आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी मांडवाला बाहेर पडायच्या वाटा किती ते बघितलं, आचाऱ्याच्या भट्टीजवळ वाळूच्या बादल्या मांडल्या आणि नवरदेवाचा घोडा फटाक्यांना बुजतो असं कळल्यावर वरात जागच्या जागी थांबवली. फटाके संपल्यावर सोडली. माझ्या वडिलांचा पारा चढला. "अहो, तुम्ही विमानं उडवता का वराती अडवता?" आतोबा म्हणाले, "विमान उडवणं हे माझं कामच नाही. उडवायला कोणीही मिळतं. उडू न द्यायला माणूस लागतो." पण त्यांची एक सवय मात्र आम्ही कोणी हसण्यावारी नेली नाही. घरात काही बिघडलं, सांडलं, हरवलं की ते कोणावर ओरडायचे नाहीत, चौकशी करायचे. दूध उतू गेलं तर "कोणी घालवलं" असं कधी विचारायचे नाहीत. "कसं गेलं" असं विचारायचे. पातेलं लहान होतं का, शेगडी जास्त पेटली होती का, दारावर कोणी आलं होतं का. म्हणायचे, जगभर विमानं पडली की अशीच चौकशी होते; माणूस धरून फासावर चढवला तर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. मी शाळेत रोज छड्या मारणाऱ्या बायकांमध्ये बसत होते. मला हा माणूस म्हणूनच फार आवडायला लागला.

आत्याची मात्र एकच इच्छा होती. सोनं-नाणं तिने कधी मागितलं नाही, तीर्थयात्रेचा हट्ट धरला नाही. तिला एकदा विमानात बसायचं होतं. "इतकी वरसं हितं राहिले," ती मला म्हणायची, "विमान डोक्यावरनं जातंय, भांडी हालत्यात, आन् वरनं माझं घर कसं दिसतं ते मला म्हाईत न्हाय. एकदा वर जायचं, तुळस बघायची, ह्ये सायकलीवर कसं दिसत्यात ते बघायचं, आन् खाली यायचं. बास." आतोबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, कारण सरकारी माणसाच्या बायकोला फुकट बसवायची सोय कुठल्याच नियमात नव्हती.

आणि मग एका वर्षी होळीच्या आधी बाहेरगावच्या एका फ्लाइंग क्लबचं लहानसं विमान सोलापूरला आलं. वैमानिक धरून चार जणांचं. तिकीट काढून लोकांना गावावरून एक चक्कर मारून आणणार होते. सोलापूर माळावर लोटलं. आत्याने स्वतःच्या पैशांनी रीतसर तिकीट काढलं, ठेवणीतलं इरकल नेसली, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि रांगेत उभी राहिली. साहेबांची बायको म्हणून तिला पुढे करायला लोक तयार होते. आतोबांनी नुसतं बघितलं, आणि आत्या आपण होऊन रांगेच्या शेवटी गेली. तिची पाळी संध्याकाळच्या अगदी शेवटच्या चकरेत लागली.

आतोबांचा तो दिवस म्हणजे सण होता. त्यांनी वैमानिकाचा परवाना मागून बघितला, विमानाचं लायकीचं प्रमाणपत्र बघितलं, विमा बघितला. वैमानिक तरुण, मिशीला पीळ देणारा. तो म्हणाला, "आजवर हे कोणी मागितलं नव्हतं." आतोबा म्हणाले, "मग बरं झालं इकडं आलात." वेधशाळेचा निरोप त्यांनी हातात धरायच्या फळ्यावर खडूने लिहिला, सूर्यास्ताची वेळ मोठ्या अक्षरांत. आमच्या पट्टीवर दिवे नव्हते, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत विमान जमिनीवर आलंच पाहिजे, हा नियम. गफूरभाईंनी सकाळपासून शेरडं हाकून हाकून घसा बसवून घेतला होता.

आता वस्तीवर काय चाललं होतं ते सांगते. ज्वारीची मळणी झाली होती आणि वारं पडलं होतं. उपणायचं कसं? उपणणी म्हणजे दाणे आणि भूस वाऱ्यावर वेगळं करणं. वारा नाही तर सगळं घोडं अडलं. वस्तीवरची निलव्वा आमच्याकडे दूध घालायला यायची. ती दुपारी रांगेतल्या आत्याजवळ येऊन रडवेली होऊन आपल्या कानडी-मराठीत म्हणाली, "वारंच इल्ला की वैनी. आठवडा झाला, रास तशीच पडलीया." आत्या सकाळपासून त्या विमानाकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं की ते पट्टीच्या लांबच्या टोकाला जाऊन वळतं, जोर धरतं, आणि त्या वेळी त्याच्या मागे असं काही वारं सुटतं की बाभळी वाकतात. आत्या शेतकऱ्याची लेक. तिला ते वारं वाया चाललेलं बघवेना. "तितं टोकाच्या मागं ताडपत्री टाका की," ती म्हणाली, "पट्टीवर न्हाय, मागं. कुणाच्या मधी येत न्हाय. विमान जाता जाता उपणून देतंय बघा."

निलव्वाने टाकली. विमानाने जोर धरला, पंखा फिरला, आणि भुसाचा सोनेरी ढग उडून बांधापलीकडे पडला. ज्वारी ताडपत्रीवर लख्ख. तिच्या नवऱ्याने जी आरोळी ठोकली ती वस्तीभर गेली, आणि पुढच्या चकरेपर्यंत सगळी वस्ती आपापली रास घेऊन तिथे हजर. कचेरी दुसऱ्या टोकाला. आतोबा तिथे एका पुढाऱ्यांच्या घोळक्यात अडकले होते. ते पुढारी शेवटच्या चकरेत बसणार होते आणि त्यांना नियम ऐकायचा नव्हता, फोटो काढून घ्यायचा होता. लांबून आतोबांना नुसती गर्दी दिसली. विमान बघायला आलेली माणसं, असं त्यांना वाटलं. पण विमानाचं वारं काही निलव्वाच्या सुपासारखं बेताचं नव्हतं. भुसाबरोबर दाणेही उडत होते आणि जिकडे तिकडे, पट्टीवरसुद्धा पसरत होते. ज्वारी पडली म्हटल्यावर पाखरांना आमंत्रण कशाला लागतं? पारवे आले, होले आले, साळुंक्या आल्या, चिमण्यांची तर गणतीच नाही.

शेवटची चक्कर. पुढारी पुढे बसले, मागे एक व्यापारी आणि खिडकीपाशी आमची आत्या. तिने मला हात केला. मी तिला इतकं हरखलेलं कधी बघितलं नव्हतं, अगदी लहान मुलीसारखी दिसत होती. विमान हळूहळू लांबच्या टोकाकडे निघालं आणि समोरून पाखरांचा एवढा मोठा थवा उठला की आतोबांनी हातातला फळा टाकला. लाल निशाण घेतलं आणि सायकल न तपासता, मी डोळ्यांनी बघितलं, न तपासता, तिच्यावर टांग टाकून ते पट्टीवरून सुटले. विमानाच्या समोर जाऊन आडवे उभे राहिले. पंखा थांबला.

"पाखरंच तर आहेत," वैमानिक म्हणाला. "आवाज केला की उडतील." आवाज केला. उडाली, वर एक गिरकी मारली आणि दाण्यांवर परत बसली. गफूरभाईंनी पत्र्याचा डबा बडवला, उपरणं फिरवलं, आणि दमून म्हणाले, "साब, ये परिंदे सुनतेच नै." आतोबा म्हणाले, "एक पाखरू पंख्यात गेलं तरी पुरे होतं. दाणा उचलल्याशिवाय विमान हलणार नाही." कोणी काही सांगायच्या आत विमानाचं दार उघडलं, आत्या खाली उतरली आणि निलव्वाला म्हणाली, "केरसुणी दे." इरकल वर खोचून, गजरा माळलेला तसाच, ती पट्टी झाडायला लागली. मग सगळी वस्ती झाडायला लागली, मी झाडायला लागले, तो व्यापारीही कोट काढून मदतीला आला. पुढारी तेवढे विमानात बसून राहिले. शेवटचा दाणा पोत्यात गेला, पाखरं बाभळींवर जाऊन बसली आणि आत्या घाम पुसत परत आपल्या जागेवर जाऊन बसली. सूर्य क्षितिजाला टेकायला आला होता. लालबुंद, चांगला परातीएवढा.

आतोबांनी घड्याळ बघितलं, सूर्याकडे बघितलं, आणि निशाण खाली केलं नाही.

"अजून ऊन आहे," वैमानिक म्हणाला.

"वर जाताना आहे. खाली येताना नसेल."

"दहा मिनिटांचं काम आहे हो. कोण बघतंय?"

"मी बघतोय," आतोबा म्हणाले.

पुढाऱ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमच्या वरच्यांशी दिल्लीत बोलावं लागेल मला." आतोबा नम्रपणे म्हणाले, "जरूर बोला. नियम तिथूनच आलाय. पाळला जातोय हे कळलं तर बरं वाटेल त्यांना." मग वैमानिक जरा खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "साहेब, आत तुमच्या मिसेस बसल्या आहेत. त्यांच्यासाठी तरी." आतोबांनी एकदाच त्या खिडकीकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी निशाण दोन्ही हातांनी धरलं. "म्हणून तर अजिबात नाही," ते म्हणाले. पुढारी तणतणत उतरले, व्यापारी उतरला, सगळ्यांत शेवटी आत्या उतरली. गजऱ्यातली फुलं गळून गेली होती. ती आतोबांकडे न बघता घराकडे चालायला लागली. सकाळी विमान पुढच्या गावाला निघून गेलं. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण आत्याने ते मोजलेसुद्धा नाहीत, देव्हाऱ्यापुढे ठेवून दिले.

मला आतोबांचा संताप आला होता. असला कसला नियम, असं मी उशीत तोंड खुपसून कितीदा म्हटलं असेल. आत्याने तर बोलणंच टाकलं. स्वयंपाक व्हायचा, ताट वाढलं जायचं, शब्द नाही. पण खरा पेच दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आतोबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "किल्ल्या?" आतून उत्तर नाही. "किल्ल्या?" काही नाही. आता उत्तर आल्याशिवाय निघायचं नाही हा त्यांचाच नियम. ते तसेच उभे. ऊन चढलं, गफूरभाई दोनदा येऊन डोकावून गेले. शेवटी आत्याने आदळून किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, डबा, रुमाल असं सगळं ओळीने उंबऱ्यावर आणून मांडलं, तोंडाने काही न बोलता. आतोबांनी ते घेतलं आणि पाठ वाकवून निघून गेले. असं बरेच दिवस चाललं. माणूस बारीक झाला.

एका रात्री जेवताना त्यांनी तांब्या ताटापुढे ओढला आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, त्या दिवसाची चौकशी राहिली आहे." आत्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिचा भाकरी थापायचा हात थांबला. "एक," आतोबा म्हणाले, "वारं पडलं होतं आणि लोकांची रास अडली होती. दोन, पट्टीच्या त्या टोकाला कुंपण नाही. तीनदा कळवूनही झालेलं नाही. तीन, दुपारची तपासणी अधिकाऱ्याने केली नाही, कारण अधिकारी पुढाऱ्यांशी बोलत उभा होता. चार." इथे ते थांबले. त्यांनी ताटातली मिठाची चिमूट बोटाने नीट केली. "चार, अधिकाऱ्याने इतकी वर्षं घरात तांब्या आणि वाट्या मांडल्या. जगाची संस्था सांगितली, दिल्ली सांगितली. दाणा सांडला की पाखरू येतं आणि पाखरू आलं की विमान पडतं, एवढी साधी गोष्ट त्याने घरातल्या माणसाला कधी सांगितली नाही. ते त्याचं काम होतं." मी म्हटलं, "आणि दोष कोणाचा?" "चौकशीत दोष नसतो," ते म्हणाले.

आत्या तशीच पाठमोरी म्हणाली, "निलव्वाला मीच सांगितलं हुतं."

"ठाऊक आहे."

"कवापासनं?"

"विमानातून उतरून तू आधी केरसुणी मागितलीस, तेव्हापासून."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आत्याने ती उलटली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर लई झालाय." आतोबांनी लगेच उठून खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी "किल्ल्या?" ला आतून "हाय" आलं, इतकं खणखणीत की गफूरभाईंना कचेरीत ऐकू गेलं असेल. "पुढच्या वर्षी विमान आलं की तुझा पहिला नंबर," आतोबा तिला म्हणायचे. ते विमान काही पुन्हा आलं नाही. माझं लग्न झालं, आतोबा निवृत्त झाले, दोघं माढ्याला राहायला गेली. तिथेही ते रोज सकाळी घरापुढच्या रस्त्यावरचे खडे उचलायचे. आणि एके दिवशी, कुठलीच तपासणी न करता, झोपेतच गेले.

गेल्या वर्षी आत्याची लेक दिल्लीला आजारी पडली. आगगाडीने जायला वेळ नव्हता. मी आणि आत्या पुण्याहून विमानाने निघालो. आत्या आता पार वाकली आहे, पण खिडकीची जागा मिळाल्यावर ताठ बसली. हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा, बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते हातवारे करून सांगत होती. सगळं विमान पेपर वाचत होतं. आत्या एकटी लक्ष देऊन ऐकत होती. तिने पट्टा हाताने चाचपला आणि हळूच म्हणाली, "हाय." दाराकडे वळून बघितलं. "हाय."

विमान पट्टीच्या टोकाला जाऊन थांबलं. इंजिनाचा आवाज वाढला. आत्याने माझा हात धरला. मला वाटलं, घाबरली. पण ती काचेला नाक लावून खाली काहीतरी शोधत होती.

"खाली कुणी उभं हाय का गं? मला नीट दिसंना."

मी वाकून बघितलं. लांब गवताच्या कडेला पिवळा कोट घातलेला एक माणूस एकटाच उभा होता. "आहे आत्या, एक माणूस आहे."

"निशाण वर केलंय?"

"नाही. हात खाली आहे."

आत्याने त्या माणसाला काचेतून दोन्ही हात जोडले. मग मागे टेकून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग जाऊ द्या आता."

आणि विमान निघालं.